दोन्ही नवीन

मिस्त्रींच्या हातापेक्षा त्यांच्या कानाचा गवगवा जास्त. गाडी रस्त्याच्या टोकाला वळते न वळते तोच हे गॅरेजच्या खड्ड्यात उभे राहून, मान वर न करता सांगून मोकळे, "पाण्याचा पंप गेलाय. त्याला म्हणावं, उगीच इंजिनाच्या नावाने रडू नकोस." गिऱ्हाईक आधी हसायचं, मग पंप उघडून समोर धरला की गप्प व्हायचं. सगळे त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

हत्यार म्हणाल तर हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर. टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. डॉक्टर निदान श्वास घ्या, सोडा असं काहीतरी म्हणतो. हे तेही म्हणत नसत. गिऱ्हाइकाने मध्येच तोंड उघडलं तर डोळे मिटलेले ठेवूनच खेकसायचे, "तुम्ही बोलताय की गाडी?"

या कानाची एक गोष्ट मात्र फक्त बायकोला ठाऊक होती, आणि तिलाही अर्धीच. गेली अकरा वर्षं मिस्त्रींना एक आवाज ऐकू यायचा, जो दुसऱ्या कुणालाही यायचा नाही. पंखा लावला की पंख्यात, शेजारणीचं शिलाई मशीन सुरू झालं की मशीनमध्ये, नळाला पाणी यायच्या आधी जी हवा फुरफुरते तिच्यातसुद्धा. कोरड्या पडलेल्या बेअरिंगचा आवाज. असं बेअरिंग पहिल्याच दिवशी किंचाळत नाही. आधी ते नुसतं कुजबुजतं, पलीकडच्या खोलीत कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटत असावं तसं, आणि आपण कान टवकारले की थांबल्यासारखं वाटतं. घरातला पंखा मिस्त्रींनी अकरा वर्षांत सात वेळा खाली उतरवला. सातही वेळा तो धडधाकट निघाला. "आता एकदा स्वतःचं डोकं उघडा आणि त्यात ग्रीस भरून घ्या," बायको म्हणायची. ते हसून दाखवायचे.

तो आवाज कुठल्या बेअरिंगचा, हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. त्यांना ते पक्कं माहीत होतं.

ते बेअरिंग दाजींच्या गाडीतलं. दाजी म्हणजे मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात रात्रपाळीला असायचे. माणूस मोठा टापटिपीचा आणि तितकाच खट्याळ. गाडी त्यांची लग्नाआधीची, चौकोनी, चार गोल दिव्यांची, त्या काळी अशा दोन-चारच असतील. ताई म्हणायची, "मी लग्न होऊन आले तर सवत आधीच अंगणात उभी." दाजी त्यावर म्हणायचे, "ती निदान उलट बोलत नाही." मग ताई दोन दिवस खरोखरच उलट बोलायची.

त्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला आला होता. इंजिनाचा खालचा दांडा आणि वरचे दोन दांडे एका तालात फिरवणारा तो दातेरी पट्टा. तो ढिला पडू नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं असतात, एक पट्ट्याला ताण देतं आणि दुसरं त्याला वळण देतं. दोघांच्याही पोटात बेअरिंग. पट्टा बदलताना ही दोन्ही बेअरिंगं बदलायची असतात, कारण त्यातलं एखादं अडकलं तर पट्टा त्याच्यावर घासून तुटतो, आणि पट्टा तुटला की गाडी चालता चालता जागच्या जागी मरते.

त्या दिवशी मिस्त्रींनी जुनं सगळं उतरवलं, नवीन बेअरिंगांची पाकिटं फोडली, आणि बघतात तो एक बरोबर, दुसरं भलत्याच मापाचं. दुकानदार म्हणाला, आठवडा लागेल. इकडे दुसऱ्या दिवशी पहाटे दाजींना मुलीला परीक्षेसाठी परगावी न्यायचं होतं, आणि मिस्त्रींनी संध्याकाळी गाडी देतो असं छातीठोक सांगून ठेवलेलं. दाजी शेजारीच स्टुलावर बसून शेंगदाणे खात होते. "काय मेहुणे, तोंड का पडलं?" त्यांनी विचारलं.

"छे, कुठे काय?" मिस्त्री म्हणाले.

इथेच ती चूक झाली. अशी चूक नवशिक्या करत नाही, हात बसलेला कारागीरच करतो. या चाकांतलं बेअरिंग बंद असतं. त्याचं ग्रीस कारखान्यात एकदाच भरतात आणि दोन्ही बाजूंनी पत्रा लावून टाकतात, म्हणून ते कधीही पेट्रोलात बुडवायचं नाही. मिस्त्रींनी दाजींकडे पाठ करून जुनं बेअरिंग बुडवलं. मनाशी म्हणाले, मळ निघाला तर कळेल तरी काय अवस्था आहे. धुऊन, पुसून बोटावर फिरवलं, तर काय फिरलं म्हणता! भिंगरीसारखं, अगदी विनातक्रार. धडकं बेअरिंग बोटावर दोन फेऱ्यांत थांबतं, कारण आत ग्रीस असतं. जे असं गरगरतं ते आतून कोरडं झालेलं असतं. हे मिस्त्रींनी स्वतः दहा जणांना शिकवलं होतं, आणि तरी त्या संध्याकाळी ते त्याच्या फिरण्याला भुलले. इंजेक्शनच्या सुईने कडेकडेने चिमूटभर ग्रीस आत ढकललं आणि बेअरिंग परत बसवलं.

हेही एक वेळ निभावलं असतं. पण त्यांच्या गुरूंपासूनची एक रीत होती. पट्ट्याच्या झाकणाच्या आतल्या अंगाला खिळ्याने तारीख आणि काय बदललं ते कोरून ठेवायचं. ते गिऱ्हाइकासाठी नसायचं. पुढे कधी तरी ते झाकण जो उघडेल, त्या कारागिराला ठेवलेला तो निरोप. मिस्त्रींनी खिळा हातात घेतला. दाजी वाकून बघत होते. मिस्त्रींनी तारीख घातली आणि खाली कोरलं, 'दोन्ही नवीन.'

दाजी म्हणाले, "वा. अक्षर मात्र कोंबडीचं."

पुढच्या आठवड्यात खरं बेअरिंग आलं. मिस्त्रींनी ते फळीवर ठेवलं. दाजींना आता काय तोंडाने परत बोलवायचं? आज बोलवू, उद्या बोलवू, सर्व्हिसिंगला येतील तेव्हा हळूच घालू, असं करता करता आठ महिने उलटले. आठ महिन्यांनी एका गुरुवारी सकाळी, पंपघरातून घरी येताना चढावर दाजींची गाडी बंद पडली. ते उतरले, बॉनेट उघडून बघितलं, आणि मग एकट्यानेच गाडी रस्त्याच्या कडेला ढकलायला लागले. दूधवाल्याला ते सापडले तेव्हा पुढच्या चाकाला टेकून बसले होते. दूधवाल्याला वाटलं, दम खाताहेत.

डॉक्टर म्हणाले हृदयाचं दुखणं जुनं असावं, पण ढकलायचे श्रम झेपले नाहीत. जमलेल्यांपैकी कुणीतरी मिस्त्रींना म्हणालं, "गाडी एकाएकी बंद पडली म्हणे." तेव्हा त्यांना तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. ताईच्या ओसरीवरचा पंखा फिरत होता.

गाडी ओढून आणली आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. ताईने शेडला कुलूप घातलं. गाडी का बंद पडली हे कुणीच विचारलं नाही. माणूस गेल्यावर गाडीचं कोण विचारतो? मिस्त्री त्यानंतर चार-पाच दिवस रोज जाऊन बसले. मग तिच्या समोर बसवेना. ताईने पाण्याचा पेला पुढे केला तरी त्यांना वाटायचं, ही आता विचारणार. त्यांनी जाणं सोडलं. फोन करायचे, तब्येत विचारायचे, भाचीच्या लग्नात मंडपाच्या टोकाला उभे राहून आले. अकरा वर्षं त्यांनी बहिणीच्या घराची पायरी चढली नाही, आणि चढावं असं वाटलं नाही असा एक दिवस गेला नाही.

मग एका दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, मी बाबांची गाडी चालू करून घेणार आहे. आईला किती वर्षं सांगतेय, ऐकेचना. शेवटी म्हटलं, तू नको म्हणालीस तरी मी आमच्या इथला मेकॅनिक घेऊन येते. तर म्हणते, मामाला विचार."

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "तुझा मेकॅनिक कशाला? मी आहे ना," ते घाईने म्हणाले.

पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. मग ताई बोलली, दमलेल्या आवाजात. "परक्याने उघडण्यापेक्षा तूच उघड. पण मी असेन तिथे."

परक्याने उघडण्यापेक्षा. मिस्त्रींच्या मनातही नेमके हेच शब्द होते. दुसरा कुणी ते झाकण उघडता, तर वर 'दोन्ही नवीन' वाचता, खाली जळून काळं पडलेलं बेअरिंग बघता, आणि ताईला सांगता की तुमच्या माणसाला कुणी मारलं. मिस्त्रींनी नवीन पट्टा घेतला आणि दोन नवीन बेअरिंगं घेतली. त्यातलं एक अकरा वर्षं फळीवर पडलेलं तेच असतं तर बरं, असं त्यांना उगीच वाटलं, पण त्याचंही ग्रीस आता वाळलं असणार. बेत सरळ होता. झाकण काढायचं, जुनं बेअरिंग ताईच्या नकळत खिशात टाकायचं, अक्षरं घासून पुसून टाकायची. बहिणीला तोंड दाखवता येईल एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी चोरी करायचीही त्यांची तयारी होती.

शेडचं कुलूप गंजलं होतं. ताईने किल्ली स्वतः फिरवली. तिचे केस सगळे पांढरे झाले होते. फोनवर हे दिसत नाही. आत ताडपत्रीखाली गाडी चारी चाकांवर खचून बसलेली, काचांवर धूळ, पुढच्या सीटवर दाजींची पाण्याची बाटली अजून आडवी. मिस्त्रींनी ताडपत्री ओढली आणि जागीच थबकले. कानातला आवाज बंद झाला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी त्यांच्या अंगावर काटा आला. इतके दिवस पाठीमागे येणारं कुणी आपल्याला घराशी पोचवून दारात थांबलंय, असं काहीसं वाटलं.

त्या दिवशी त्यांनी फक्त प्लग काढले, चारही भोकांत थोडं थोडं तेल सोडलं आणि हात पुसले.

"एवढंच?" ताईने विचारलं.

"अकरा वर्षं बसलीय. आत सगळं आखडलं असेल. रात्रभर तेल मुरू दे, उद्या उघडू."

हे खरंच होतं. पण समोर आलेलं झाकण उघडायची त्यांची छातीही झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई शेडमध्ये पाट टाकून बसली. भाची कामावर गेली होती. मिस्त्रींनी रेडिएटर सुटा केला, पंख्याचा पट्टा उतरवला, क्रँकच्या, म्हणजे खालच्या दांड्याच्या, बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहिलं. फिरलं. आणि त्यांच्या मनात काहीतरी खुपलं. पट्टा तुटला असता तर वरचे दांडे सोबत फिरले नसते, आणि हाताला असं भरीव लागलं नसतं. त्यांनी तो विचार बाजूला सारला.

"पेट्रोलची टाकी पण उघडशील?" ताईने अचानक विचारलं.

"शेवटी बघू," ते म्हणाले. तिचे हात पदराशी चाळा करत होते, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. झाकणाचे सहा बोल्ट होते. पाच निघाले. सहावा काढताना पाना दोनदा निसटला.

झाकण सुटलं. पट्टा अखंड होता.

 पट्टा जागच्या जागी, दात शाबूत, वरच्या आणि खालच्या खुणा एकमेकींसमोर. त्यांनी बोट घालून पहिलं चाक फिरवलं. जड, दोन फेऱ्यांत थांबलं. मग दुसरं, ते दुसरं. तेही जड, तेही थांबलं. वाकून टॉर्च मारला. हे त्यांनी धुतलेलं बेअरिंग नव्हतंच. वेगळ्या छापाचं होतं, पत्रा करकरीत.

मग त्यांनी हातातलं झाकण उलटं केलं. वर त्यांची कोंबडीच्या पायांची अक्षरं, 'दोन्ही नवीन.' त्याखाली दुसरी तारीख, दाजी जायच्या दोन महिने आधीची, आणि तिच्यापुढे पट्टीने आखल्यासारखं सुबक अक्षर:

'मेहुणे, कान धरा. आता खरंच दोन्ही नवीन.'

मिस्त्री मडगार्डला धरून खाली बसले. पंपघरात वीस वर्षं बेअरिंगांच्या संगतीत काढलेला माणूस. त्याला आवाज येणार नाही? त्याने ऐकलं, उघडलं, ओळखलं, बदललं. एका शब्दाने बोलला नाही. त्यानंतर दोन महिने घरी येत-जात राहिला, चारचौघांत "आमच्या मेहुण्याचा कान म्हणजे कान" असं म्हणत राहिला. आणि हे लिहून ठेवलं, कारण पुढच्या खेपेला हे झाकण मेहुणाच उघडणार, आणि तेव्हा आपण शेजारी स्टुलावर शेंगदाणे खात बसलेले असू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो विनोद इथे अंधारात अकरा वर्षं वाट बघत थांबला होता. मिस्त्रींना हसू आलं आणि त्याच श्वासात रडू आलं. त्यांनी दाजींना मारलं नव्हतं. दाजींनी त्यांचं खोटं पकडलं होतं, आणि पोटात घातलं होतं.

"काय झालं रे?" ताई अर्धवट उठली.

"काही नाही. पाठ धरली." त्यांनी झाकण पालथं करून हत्यारांच्या पिशवीत सरकवलं.

मग गाडी बंद कशाने पडली? आता हा प्रश्न नुसता कारागिराचा होता, आणि मिस्त्री कितीतरी वर्षांनी हलक्या हाताने कामाला लागले. प्लग कोरडे ठणठणीत. ठिणगीचे पॉइंट बरे. तारा जाग्यावर. राहता राहिली टाकी. ती मागे, डिकीच्या गालिच्याखाली. डिकीत दाजींचा हत्यारांचा डबा होता आणि डब्यात, जुन्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं, ते धुतलेलं बेअरिंग. मिस्त्रींनी ते बोटावर फिरवलं. आता ते कुजबुजत नव्हतं, खरडत होतं, आणि तो आवाज त्यांच्या डोक्यात नव्हता, हातात होता. त्यांनी ते खिशात टाकलं.

टाकीच्या वरची चकती खोलून त्यांनी आत टॉर्च सोडला. पेट्रोल उरलेलं नसणार हे उघडच होतं. अकरा वर्षांत ते उडून जातं. पण उडताना मागे डिंकासारखा तपकिरी थर ठेवून जातं, आणि त्याचा कुबट वास नाकात बसतो. इथे थर नव्हता. वास नव्हता. तळाला नुसता गंजाचा भुगा. ही टाकी त्या गुरुवारीच कोरडी होती.

ते चक्रावले. दाजींचं पेट्रोल संपतं? गाडीचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला, किलोमीटरचे आकडे कधीचे थांबलेले, म्हणून दाजी वारावर चालायचे. दर दुसऱ्या शनिवारी ठरलेले लिटर भरायचे, म्हणजे भरायचे. ठरलेली वाट, ठरलेलं पेट्रोल. ते संपलं कसं?

"काय आहे आत?" मागून ताईने विचारलं. ती डिकीशी येऊन उभी होती. चेहरा पांढराफटक. मिस्त्रींनी उत्तर द्यायच्या आत तीच बोलायला लागली, फार दिवस पाठ करून ठेवलेलं बोलावं तसं भराभर.

"मी शिकत होते. गाडी. ते रात्रपाळी करून दुपारी झोपायचे ना, तेव्हा मी फाटकातून ढकलत खाली उतारावर न्यायचे, म्हणजे आवाज नको. मग मैदानावर फेऱ्या मारायच्या. महिनाभर चाललं होतं. त्यांच्या वाढदिवसाला म्हणणार होते, बसा शेजारी, आज मी नेते. पेट्रोल लागतं हे मला काय माहीत नव्हतं? पण काटा अर्ध्यावर दिसायचा रे. मला वाटायचं, आहे की अर्धी." तिने पदर मुठीत धरला. "ते गेल्यावर दिराशी बोलताना कळलं, तो काटा मोडकाच होता म्हणून. मी कुणाला शेड उघडू दिली नाही. तुला मात्र कळलं होतं ना? पहिल्याच दिवशी कळलं असणार, तुझा कान तो. म्हणून तर तू यायचा बंद झालास. मी अकरा वर्षं बघतेय, माझा भाऊ माझं तोंड बघत नाही."

मिस्त्रींनी टॉर्च विझवला. ते लपून बसले होते, आणि इकडे ही त्यांच्या न येण्याला निवाडा समजून बसली होती. हो, टाकी रिकामी होती. हो, ती त्या महिनाभराच्या फेऱ्यांनी रिकामी झाली होती. खरं हेच होतं, आणि ते तिला सांगायचं म्हणजे अकरा वर्षं ती स्वतःला जे म्हणत आली होती त्यावर कारागिराने शिक्का मारायचा.

त्यांनी टाकीची चकती परत बसवली आणि चारही स्क्रू शांतपणे आवळले.

"टाकीत पेट्रोल होतं, ताई," ते म्हणाले. "तळाला थर आहे. चांगलं पाव टाकीभर असेल."

"खरं?"

"पेट्रोल संपून नाही बंद पडली." त्यांनी खिशातून बेअरिंग काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "यामुळे बंद पडली. फिरवून बघ."

ताईने फिरवलं. शेडमध्ये ती खरखर फार मोठी वाटली.

"मी दोन्ही नवीन टाकली म्हणालो होतो. एक जुनंच होतं. मी ते पेट्रोलात धुतलं आणि परत बसवलं. दाजींना खोटं सांगितलं. पुढे आठ महिने सुधारायला वेळ होता, तेही केलं नाही. मी येत नव्हतो ते यासाठी. तुझ्यासाठी नव्हे."

यात खोटं किती थोडं होतं! मिस्त्रींना ते बोलताना अडखळावंही लागलं नाही.

ताईने बेअरिंग मुठीत धरलं. मग तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं, आणि ते उतरल्याबरोबर राग आला. येणारच. तो अकरा वर्षं चुकीच्या घरी राहत होता. "ते घरी येऊन म्हणाले होते मला," ती म्हणाली, "मेहुण्याने दोन्ही नवीन टाकली, आता दहा वर्षं बघायला नको. माझ्यासमोर म्हणाले होते!" तिने हात उगारला, पण मारलं नाही. त्या हातात बेअरिंग होतं, मूठ घट्ट झाली होती. "आणि मी रोज स्वतःला... तू मला फोनवर विचारायचास, ताई, बरी आहेस ना? बरी आहेस ना म्हणे!"

"हो," मिस्त्री म्हणाले.

"गाडी नीट कर आणि जा. परत माझ्या दारात उभा राहू नकोस."

ती आत गेली. ते बेअरिंग ती बरोबर घेऊन गेली. घरातून तिच्या रडण्याचा आवाज आला, मोठमोठ्याने, मोकळा. दाजी गेले तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

मिस्त्रींनी पट्टा उतरवला. चांगली असली तरी ती दोन बेअरिंगं आता बदलायलाच हवी होती, अकरा वर्षांत ग्रीस घट्ट होतं. दाजींनी बसवलेलं काढताना त्यांनी ते जरा वेळ हातात धरलं. मग नवीन घातली, एक ताण देणारं, एक वळण देणारं, खुणा जुळवल्या, पट्टा चढवला, अंगठ्याने दाबून ताण पाहिला, इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा तपासल्या. कॅन आणला होता त्यातलं पेट्रोल टाकीत ओतलं, नवी बॅटरी जोडली. झाकण मात्र जुनं बसवून चालणार नव्हतं. उद्या दुसऱ्या कुणी उघडलं की दाजी खरं सांगून मोकळे होतील. ते गॅरेजच्या अडगळीतलं तसलंच एक झाकण घेऊन आले, आतून खिळ्याने तारीख घातली, आणि खाली कोरलं, 'दोन्ही नवीन.' या वेळी ते खरं होतं. गाडी चौथ्या खेपेला सुरू झाली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानामागे लावून डोळे मिटले. काहीसुद्धा वाजत नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, भर सकाळी, गॅरेजच्या खड्ड्यात असताना त्यांनी ती गाडी ओळखली. अजून ती रस्त्याच्या टोकाला वळायची होती. ते वर आले आणि शटरशी उभे राहिले. चौकोनी, चार गोल दिव्यांची, धुऊन लख्ख केलेली. भाची शेजारच्या सीटवर होती. चालवत होती ताई, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, नाकासमोर बघत. आरशाला दोऱ्याने ते बेअरिंग लटकवलेलं होतं आणि खड्डा आला की काचेवर आपटत होतं. भाचीने मामाला हात केला. ताईने मान वळवली नाही. गॅरेजपाशी गाडी किंचित हळू झाली असावी, किंवा मिस्त्रींना तसं वाटलं असेल.

गाडी दिसेनाशी झाल्यावरही ते बराच वेळ ऐकत राहिले. मग आत जाऊन पंखा लावला. पंखा नुसता पंख्यासारखा वाजत होता. त्यांनी कपाटामागून दाजींचं झाकण काढलं, उजेडात धरलं, वाचलं. रिकाम्या गॅरेजमध्ये त्यांनी ते समोर टेकवून उभं केलं, हात पुसले, आणि दोन्ही हातांनी आपले कान धरले.